मोटरसायकलचा ऑइल फिल्टर: बेळगाव सीमाभागातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या, भावकीतल्या आणि शेजारपाजारच्या मिळून दहा-अकरा गाड्यांचं ऑइल मीच बदलतो. धंदा म्हणून करत नाही, आवड म्हणून करतो. रविवारी सकाळी अंगणात गाडी मेन स्टँडवर लावली, खाली घमेलं ठेवलं की कुणी ना कुणी येऊन उभा राहतो आणि विचारायला लागतो. त्यातले बहुतेक प्रश्न फिरून फिरून फिल्टरवरच येतात. ऑइलच्या डब्यावर लोक हजारदा विचार करतात, फिल्टर मात्र दुकानदार देईल तो घेऊन येतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे.

माझ्या गाडीला ऑइल फिल्टर आहे का, हेच कसं ओळखायचं?

हा पहिला प्रश्न आहे, आणि निम्मे लोक इथेच चुकतात. हिरो स्प्लेंडर, एचएफ डीलक्स, होंडा शाइन अशा गाड्यांना बदलायचा कागदी फिल्टर नसतो. त्यांत तळाला एक बारीक जाळी असते आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, टोकाला गरगर फिरणारी एक वाटी असते. तेल त्या वाटीतून जाताना जड कण फिरण्याच्या जोराने कडेला फेकले जातात आणि तिथेच चिकटून बसतात. त्याला सेंट्रिफ्युगल फिल्टर म्हणतात. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरलाही जाळीच असते.

बजाज पल्सर, टीव्हीएस अपाचे, यामाहा एफझी, केटीएम ड्यूक, रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी गाड्या यांना घड्या घातलेला कागदी फिल्टर असतो. तो इंजिनच्या बाजूला एका लहान गोल झाकणाखाली बसतो. एनफिल्डच्या ६५० सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांना, म्हणजे इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटीला, कारसारखा पत्र्याच्या डब्याचा, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर येतो.

गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडा. सर्व्हिसच्या तक्त्यात ‘ऑइल फिल्टर – बदला’ असं लिहिलं असेल तर कागदी आहे. ‘जाळी – साफ करा’ एवढंच असेल तर तुम्हाला फिल्टर विकत घ्यायचाच नाही. स्प्लेंडरवाल्याला कुणी ‘ऑइल फिल्टर बदलला’ म्हणून बिलात पैसे लावले असतील तर शांतपणे विचारा, कुठला बदलला, जुना दाखवा.

तेल तर झाकलेल्या इंजिनात असतं, मग कचरा येतो कुठून?

तीन ठिकाणांहून. पहिलं, इंजिनच्या आतून. पिस्टन, रिंगा, कॅम, गिअर एकमेकांवर घासतात आणि बारीक चुरा सुटतो. दुसरं, क्लचमधून. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना एकच तेल असतं. कारमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, म्हणून कारच्या इंजिन ऑइलमध्ये क्लचप्लेटचा भुगा कधी येत नाही. मोटरसायकलच्या तेलात येतो आणि तो फिल्टरलाच गिळावा लागतो. तिसरं, हवेतून. एअर फिल्टर खराब असला, त्याच्या पेटीचं झाकण नीट बसलं नसलं, की धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि तिथून तेलात उतरते.

हे तिसरं आपल्या भागात जास्त. खानापूर, जांबोटी बाजूची तांबडी धूळ आणि चिकोडी, अथणी, रायबाग बाजूची काळी माती, दोन्ही उन्हाळ्यात पिठासारख्या उडतात. त्यात ऊसतोडीचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे आपण किलोमीटर-किलोमीटर धूळ खात जातो. मातीतली वाळू लोखंडालाही कापते. म्हणून ऑइल फिल्टरबद्दल बोलताना एअर फिल्टर विसरून चालत नाही. तो तुंबलेला किंवा फाटलेला असेल तर नवा ऑइल फिल्टर घालून काही उपयोग नाही.

चांगल्या कागदी फिल्टरमध्ये साधारण वीस-तीस मायक्रॉनचे कण अडतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे डोळ्याला न दिसणारा चुराच तो धरत असतो.

दुकानात काय सांगून मागायचा?

पार्ट नंबर सांगून. बाकी कशावर विसंबू नका.

‘पल्सरचा द्या’ असं म्हटलं तर कुठल्या पल्सरचा? १५० वेगळी आणि एनएस २०० वेगळी, इंजिनच वेगळं आहे. ‘क्लासिकचा द्या’ म्हटलं तर २०२१ च्या आधीची की नंतरची? त्या वर्षी क्लासिक ३५० चं पूर्ण इंजिन बदललं. एप्रिल २०२० मध्ये धुराचा नवा नियम, बीएस-६, आलं तेव्हाही बऱ्याच गाड्यांत बदल झाले. नाव तेच राहतं, आतलं सामान बदलतं.

पार्ट नंबर पुस्तकात सापडतो, कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये सापडतो, नाहीतर आधीच्या फिल्टरच्या खोक्यावर असतो. मी प्रत्येक गाडीचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला आहे. गाडीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेननेही लिहिला आहे, कारण मोबाइल बदलतो आणि फोटो हरवतात. नंबर सापडत नसेल तर मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर घेऊन जा. चेसिस नंबरवरून शोरूमच्या पार्ट काउंटरवर अचूक शोधता येतं.

आपल्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. काउंटरवरचा माणूस ‘याव गाडी री?’ (कुठली गाडी?) म्हणून कन्नडात विचारतो, आपण मराठीत सांगतो, मागे कुणी हिंदीत ओरडत असतो. त्या गर्दीत ‘नवं मॉडेल, जुनं मॉडेल’ याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा निघतो. नंबर दाखवला की प्रश्न मिटतो. चंदगड, गडहिंग्लजहून बेळगावात सामानाला येणाऱ्यांनी तर घरून निघतानाच नंबर काढून घ्यावा. चुकीचा फिल्टर परत करायला पुन्हा इतक्या लांब कोण येणार?

मापाला बसतो, मग दुसऱ्या गाडीचा का चालणार नाही?

बसणं आणि काम करणं यात फरक आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही.

कागदी फिल्टरमध्ये तेल बाहेरून आत जातं. घड्यांमधून गाळून मधल्या पोकळीत येतं आणि तिथून क्रँककडे आणि हेडकडे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाकडे, निघतं. फिल्टरची लांबी दोन मिलिमीटर कमी असली तर त्याचं तोंड बसायच्या जागी घट्ट टेकत नाही आणि तेल कडेने, न गाळता निघून जातं. गाडी चालते, आवाज येत नाही, महिनोन्‌महिने कळत नाही. लांबी जास्त असली तर झाकणाचा बोल्ट आवळताना फिल्टर चेपतो, कागद फाटतो.

दुसरी गोष्ट बायपास व्हॉल्व्हची. फिल्टर तुंबला किंवा थंडीत सकाळी तेल घट्ट असलं, की तेल कागदातून पुरेसं जाऊ शकत नाही. तेव्हा एक लहान स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे सोडतो, कारण इंजिनला तेल नसण्यापेक्षा घाण तेल परवडतं. हा व्हॉल्व्ह काही गाड्यांत फिल्टरमध्येच असतो, काहींत इंजिनच्या कव्हरमध्ये. ज्या गाडीचा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये आहे, तिला बिनव्हॉल्व्हचा फिल्टर घातला आणि तो तुंबला, तर तेलाला दुसरी वाटच राहत नाही. व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो हेही इंजिनप्रमाणे ठरवलेलं असतं. म्हणूनच ६५० च्या गाडीला ‘आटे जुळतात’ म्हणून कारचा स्वस्त डबा फिरवून बसवणं मला पटत नाही.

ओरिजिनलच घ्यायचा की बाहेरच्या कंपनीचा चालतो?

चालतो, नावाजलेल्या फिल्टर कंपनीचा आणि तुमच्या मॉडेलचा नंबर छापलेला असेल तर. बॉश, महले, पुरोलेटर, इलोफिक ही नावं आपल्या बाजारात जुनी आहेत. मोठ्या गाड्यांसाठी हायफ्लो, केअँडएन मिळतात. यातल्या कुणाचा फिल्टर घातला म्हणून इंजिन बिघडायचं कारण नाही.

पण मी स्वतः १५० ते ३५० सीसीच्या गाड्यांना गाडी कंपनीचाच घालतो. या गाड्यांचा ओरिजिनल फिल्टर एक लिटर ऑइलच्या निम्म्या किमतीतही येतो. वीस-तीस रुपये वाचवायला शोधाशोध कशाला? शिवाय बऱ्याचदा त्या पाकिटात झाकणाची नवी ओ-रिंगही, म्हणजे गोल रबरी रिंगही, येते. गाडी वॉरंटीत असेल तर बिल जपून ठेवा, ओरिजिनल असो वा नसो.

सुट्टा, बिनखोक्याचा, नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीतला फिल्टर मात्र कुणाचाही असला तरी घेऊ नका.

नकली फिल्टर कसा ओळखायचा?

खोक्यावर एमआरपी, पार्ट नंबर, तयार केल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता असायला हवा. छपाई पुसट, होलोग्रॅम साध्या चकचकीत कागदासारखा सपाट असेल तर संशय घ्या. पण खोकीही हुबेहूब बनवतात, म्हणून फिल्टर हातात घेऊन बघा.

उजेडाकडे धरून घड्या बघा. सगळ्या सारख्या अंतरावर, सरळ उभ्या असाव्यात. कुठे दोन घड्या चिकटलेल्या, कुठे मोठी फट असं नको. दोन्ही टोकांच्या चकत्यांना कागद सगळीकडून पक्का चिकटलेला हवा. अंगठ्याने हलकं दाबल्यावर मधली भोकांची नळी दबता कामा नये. चांगल्या फिल्टरचा कागद थोडा कडक लागतो, कारण तो तापलेल्या तेलात टिकावा म्हणून रेझिन लावून पक्का केलेला असतो. नकलीचा कागद वहीच्या पुठ्ठ्यासारखा मऊ, लोंबकळणारा लागतो. एकदा जुना ओरिजिनल आणि नवा शेजारी शेजारी धरून बघितलात की पुढे बोटांनाच कळतं.

प्रत्येक ऑइलला फिल्टर बदलायचा का?

हो. काही पुस्तकांत एक आड एक असं लिहिलेलं असतं, आणि त्याप्रमाणे केलं म्हणून गाडी बिघडत नाही. तरी मी प्रत्येक वेळी बदलतो. जुन्या फिल्टरमध्ये जुनं काळं तेल मुरलेलं राहतं आणि नव्या तेलात मिसळतं. तुंबत आलेला फिल्टर पुढच्या मुदतीच्या मधेच बायपास उघडेल की नाही, ते आपल्याला कळायची सोय नसते.

मुदतीचं म्हणाल तर पुस्तकांत ५,०००, ६,०००, कुठे १०,००० किलोमीटर असे आकडे असतात, नाहीतर वर्ष, जे आधी येईल ते. धुळीत, चढात, ओझं घेऊन चालवणाऱ्यांसाठी मुदत कमी करा असंही त्याच पुस्तकात लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. दुधाच्या किटल्या लावून रोज शेतावरून डेअरीला आणि डेअरीहून शहरात जाणारी गाडी, चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करणारी गाडी, ऊस हंगामात धुळीतून फिरणारी गाडी, या तिन्ही त्यात बसतात. अशांनी पुस्तकातल्या मुदतीपेक्षा हजार-दीड हजार किलोमीटर आधी बदलावं.

नव्या गाडीचा पहिला फिल्टर कधीही लांबवू नका. पहिल्या पाचशे-साडेसातशे किलोमीटरमध्ये भाग एकमेकांना घासून बसतात आणि सगळ्यात जास्त चुरा तेव्हाच सुटतो.

कागदी फिल्टर पेट्रोलने धुवून परत वापरला तर?

नको. वरची घाण निघते, घड्यांच्या आत रुतलेली निघत नाही, आणि कागदाचे धागे सैल होतात. हवा मारली तर कागदाला बारीक भोकं पडतात. धुऊन वापरायचे स्टीलच्या जाळीचे फिल्टर वेगळे मिळतात, ते त्यासाठीच बनवलेले असतात.

बसवताना सगळ्यात मोठी चूक कोणती होते?

उलटा बसवणं. इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

बऱ्याच कागदी फिल्टरचं एक टोक बंद असतं आणि दुसरं उघडं. उघडं टोक तेलाच्या वाटेवर बसायला हवं. उलटा बसवला तर बंद टोक त्या वाटेवर बुचासारखं बसतं. काही फिल्टरवर बाहेरची बाजू कोणती ते छापलेलं असतं, काहींवर काहीच नसतं. दोन्ही टोकं जवळपास सारखी दिसतात, झाकणही आरामात बसतं.

माझ्या मामेभावाच्या गाडीला हेच झालं. एका गॅरेजमध्ये सकाळी ऑइल-फिल्टर करून घेतलं आणि तो जांबोटीवरून कणकुंबीकडे निघाला. जांबोटी सोडल्यावर चढाला हेडमधून टकटक ऐकू यायला लागलं. त्याला वाटलं टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचा, आवाज असेल. पुढे आठ-दहा किलोमीटर गेल्यावर गाडी ओढेना, म्हणून त्याने बंद केली आणि मला फोन केला. मी टेंपो घेऊन गेलो. घरी आणून फिल्टरचं झाकण उघडलं तर फिल्टर उलटा, आणि त्याची मधली पोकळी जवळजवळ कोरडी. नव्या तेलाचा सोनेरी रंग तसाच, तळात तेल पुरेपूर, पण वर हेडला थेंब पोचत नव्हता. हेड उघडलं तेव्हा कॅमच्या (रॉकर ढकलून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) उंचवट्यावर नखाने जाणवतील असे ओरखडे होते आणि रॉकरचं तोंड खाल्लेलं. पिस्टन वाचला, कारण त्याने वेळेवर गाडी बंद केली होती. गिअर लावून ओढतच राहिला असता तर इंजिन जाम झालं असतं. कॅम, रॉकर, पॅकिंग, मजुरी मिळून फिल्टरच्या कितीतरी पट पैसे गेले. भावाला पैशापेक्षा वाईट वाटलं ते याचं, की त्याने तिथेच थांबून, डोळ्यासमोर काम करून घेतलं होतं.

आपल्या अनेक गाड्यांना ऑइल प्रेशरचा दिवा नसतो, म्हणून अशी चूक मीटरवर दिसत नाही. त्यासाठी मी तीन गोष्टी करतो. जुना फिल्टर बाहेर काढताना कुठलं तोंड कुठे होतं त्याचा फोटो काढतो. त्याच्या मागची किंवा पुढची स्प्रिंग कुठल्या बाजूला होती तेही फोटोत येतं. आणि गाडी पहिल्यांदा चालू केल्यावर वर तेल पोचलं का ते बघतो. यामाहाच्या काही गाड्यांत हेडवर एक लहान बोल्ट असतो. तो थोडा सैल करून गाडी आयडलला ठेवली की मिनिटभरात तिथून तेल पाझरायला हवं. नाही पाझरलं तर लगेच गाडी बंद करायची, असं त्यांच्याच पुस्तकात लिहिलेलं आहे. तुमच्या गाडीत अशी सोय असेल तर मेस्त्रीला ती करून दाखवायला सांगा. यात संकोच कसला?

ओ-रिंग, वायसर, बोल्ट यांचं काय?

फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी घाला आणि बसवायच्या आधी बोटाने तिला नवं तेल लावा. कोरडी रिंग झाकण दाबताना पिळवटते आणि कापली जाते. जुनी रिंग खाचेतच चिकटून राहिली नाही ना, तेही बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर तेल गळतं.

ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर एकदा दाबला गेला की चपटा होतो. तो पाच-दहा रुपयांचा आहे, नवाच घ्या. बोल्ट हाताने तीन-चार आटे फिरवून मगच पाना लावा. इंजिनचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तिरका घुसलेला बोल्ट लांब पान्याने आवळला की आटे जातात, आणि मग लेथवाल्याकडे जाऊन नवे आटे पाडून घ्यावे लागतात. उद्यमबागेत हे काम उत्तम करणारे कारागीर आहेत, पण त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागू नये.

झाकणाला सिलिकॉनची पेस्ट लावू नका. जास्तीची पेस्ट आतल्या बाजूला बाहेर येते, तिचे तुकडे तुटून जाळीवर अडकतात. एका गाडीच्या जाळीवर मी असे लाल, रबरासारखे सात-आठ तुकडे पाहिले आहेत.

पत्र्याच्या डब्याचा फिल्टर असेल तर त्याच्या रबराला तेल लावा, हाताने फिरवा, रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आणखी. पान्याने आवळायची गरज नाही.

जुना फिल्टर फेकून देण्याआधी काय बघायचं?

हे प्रत्येकाने एकदा तरी करावं, कारण इंजिनच्या आतली बातमी इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

फिल्टर रात्रभर निथळत ठेवा. सकाळी कटरने दोन्ही चकत्यांजवळ कागद कापा आणि घड्या उलगडून वर्तमानपत्रावर पसरा. साधारण हातभर लांबीची पट्टी निघते. ती उन्हात धरून तिरकी करा. चालत्या, ठीक गाडीच्या पट्टीवर काळसर तेल असतं आणि क्वचित कुठे चमकणारी बारीक चांदी. तेवढी असायचीच.

आता जुन्या स्पीकरचा चुंबक कागदाखालून फिरवा. चमचम कण चुंबकामागे सरकले तर ते पोलाद: गिअर, कॅम, बेअरिंग. चमकतात पण हलत नाहीत तर अ‍ॅल्युमिनियम: पिस्टन किंवा चेंबर. पिवळसर कण म्हणजे एखाद्या बुशाचं पितळ किंवा कांस्य. काळे, चपटे, बोटाने चुरगाळता येणारे तुकडे म्हणजे क्लचप्लेट. रबरासारखे लवचिक तुकडे म्हणजे कुणीतरी लावलेली पेस्ट.

बारीक पावडर असेल तर काळजी करू नका. तांदळाच्या कणीएवढे तुकडे दिसले, किंवा मागच्या वेळेपेक्षा चमक स्पष्ट वाढली, तर गाडी लांब नेण्याआधी मेस्त्रीला दाखवा, पट्टीसकट. माझ्या सासऱ्यांच्या गाडीचं मोठ्या बेअरिंगचं काम असंच आधी सापडलं. गाडीला तेव्हा आवाजही नव्हता.

फिल्टर बदलल्यावर ऑइल किती घालायचं?

पुस्तकात बहुधा दोन आकडे असतात: नुसतं ऑइल बदलताना एक आणि फिल्टरसह बदलताना थोडा जास्त. फिल्टरसहचा आकडा धरा. आधी शंभर मिली कमी घाला, गाडी दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा म्हणजे नवा फिल्टर तेल पिऊन घेईल, मग बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि पातळी बघा. गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर नको. काचेची खिडकी असेल तर दोन खुणांच्या मधे तेल दिसायला हवं. काडी असेल तर ती पुसून नुसती टेकवायची की फिरवून बसवायची, ते पुस्तकात बघा. हिरो-होंडाच्या गाड्यांना नुसती टेकवायची असते.

ऑइलचा ग्रेडही पुस्तकातलाच. स्प्लेंडर, शाइनला १०डब्ल्यू-३०, एनफिल्ड ३५० ला १५डब्ल्यू-५०, जुन्या पल्सर १५० ला २०डब्ल्यू-५०. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं हवं. जासो हे जपानचं मानक १९९८ साली खास मोटरसायकलच्या तेलासाठी आलं, कारण कारच्या नव्या तेलांतल्या निसरड्या रसायनांमुळे मोटरसायकलचा तेलात बुडालेला क्लच घसरू लागला होता. ‘एमबी’ लिहिलेलं तेल स्कूटरचं, ते गिअरच्या गाडीत घालू नका.

स्प्लेंडरला फिल्टर नाही, म्हणजे काहीच करायचं नाही?

करायचं आहे, फक्त क्वचित. साधारण १२,००० किलोमीटरला उजव्या बाजूचं क्लच कव्हर काढून फिरती वाटी आणि जाळी साफ करायची असते. वाटीचं झाकण उघडलं की आत कडेला काळा, डांबरासारखा थर बसलेला दिसतो. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने तो खरवडून काढा, रॉकेल किंवा डिझेलने पुसा, धागे सुटणारं फडकं वापरू नका. त्या थरावर हवा मारून तो तेलाच्या वाटेत ढकलू नका. कव्हरचं पॅकिंग नवं घाला. पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या पण हे काम एकदाही न झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. वाटी जवळजवळ भरलेली असते, आणि भरलेली वाटी पुढचा कचरा धरत नाही.

गाडी पुराच्या पाण्यात होती. फिल्टर ठेवायचा का?

अजिबात नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठच्या गावांत कितीतरी गाड्या दोन-तीन दिवस पाण्यात होत्या. त्यातल्या बऱ्याच, लोकांनी काढल्या काढल्या किक मारल्यामुळे जास्त बिघडल्या.

किक मारू नका, सेल्फ दाबू नका. आधी प्लग काढा, तेल सोडा. तेल ताकासारखं पांढरट आलं तर पाणी आत गेलं आहे. कागदी फिल्टर पाण्याने फुगतो आणि त्याच्या घड्या मिटतात, म्हणून तो काढून टाका. नवा साधा फिल्टर आणि योग्य ग्रेडचं स्वस्तातलं तेल घालून गाडी काही मिनिटं आयडलला चालवा, तेही सोडा. पांढरेपणा जाईपर्यंत हेच करा. शेवटी चांगलं तेल आणि पुन्हा नवा फिल्टर. एअर फिल्टरही बदला. दोन-तीन फिल्टर आणि तेवढ्याच लिटर तेलात गाडी वाचते.

पूर नसतानाही खानापूरच्या पश्चिमेकडे, कणकुंबी, आमगाव भागात पावसाळ्यात ऑइल घालायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पांढरी साय दिसते. रोज दोन-चार किलोमीटरच जाणाऱ्या गाडीचं इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही, म्हणून ती जमते. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा. तरीही गेली नाही आणि तेलच पांढरट दिसलं तर बदला.

वडिलांची जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे. तिचं कसं?

तिचं सगळंच वेगळं. इंजिनचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, क्लचच्या चेनकेसचं वेगळं. फिल्टर कागदी नसतो, जाड लोकरीच्या नमद्याचा असतो. तो काढताना स्प्रिंग, वायसर, चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडत जा आणि उलट क्रमाने बसवा. एक चकती राहिली तरी तेल न गाळता जातं. ‘बुलेटचा फिल्टर’ एवढंच म्हटलं तर दुकानदार हमखास नव्या इंजिनचा कागदी देतो, म्हणून जुना बरोबर घेऊन जा.

काढलेलं तेल आणि जुना फिल्टर कुठे टाकायचा?

गटारात, विहिरीजवळ, शेताच्या बांधावर ओतू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत येतं. आपल्याकडे सेंटरिंगच्या फळ्यांना, वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना ते लावायची सवय आहे. त्यात इंजिनचा धातू आणि जळालेली रसायनं असतात. ती पावसाने जमिनीत उतरतात, आणि जनावरं तेच खांब चाटतात. मी तेल जुन्याच डब्यात भरून झाकण लावून ठेवतो. पाच-सहा लिटर साठलं की ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात नेऊन ओततो, तिथून ते पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडे जातं. फिल्टर एक रात्र चाळणीवर उलटा ठेवतो, निथळलेलं तेल त्याच डब्यात जातं, आणि फिल्टरही गॅरेजवाल्याकडेच देतो.